इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : ११ ऑगस्ट १९७०) या मराठी मानवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका होत्या. मानवशास्त्राचे रीतसर प्रशिक्षण घेऊन त्यात संशोधन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्यांनी सुमारे तीन दशके अध्यापन व संशोधन केले. सामान्य मराठी वाचक त्यांना मुख्यतः ‘युगान्त’ या महाभारतविषयक ग्रंथामुळे आणि ललित लेखांमुळे ओळखतो. समाजशास्त्राच्या अभ्यासकांना त्या भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथामुळे परिचित आहेत. त्यांच्या कार्याचा तिसरा आणि तुलनेने कमी परिचित भाग म्हणजे मानवमिती, म्हणजेच मानवी शरीराचे शास्त्रशुद्ध मोजमाप. डॉक्टरेटसाठी बर्लिनमध्ये केलेल्या कवट्यांच्या मापनापासून महाराष्ट्रातील जातींच्या शारीरिक मोजणीपर्यंत हा धागा त्यांच्या संशोधनात सलग दिसतो.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातील (आताचा म्यानमार) म्यिंजान या गावी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव करमरकर. वडील गणेश हरी करमरकर हे अभियंता असून ब्रह्मदेशातील एका कापूस कंपनीत नोकरीस होते. म्यिंजान हे गाव इरावती नदीच्या काठी आहे. त्या नदीवरूनच मुलीचे नाव इरावती ठेवण्यात आले.

वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्यास पाठवण्यात आले. मुलींसाठी १८८४ मध्ये सुरू झालेल्या हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात त्या राहू लागल्या. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि त्या ओळखीतून इरावती परांजपे कुटुंबातच राहू लागल्या. शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर र. पु. परांजपे हे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेत १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर ठरलेले ते पहिले भारतीय. पुस्तकांनी भरलेले, बुद्धिवादी आणि मुलगा-मुलगी असा भेद न मानणारे हे घर इरावतीबाईंच्या जडणघडणीत महत्त्वाचे ठरले.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी संपादन केली. त्यानंतर दक्षिणा फेलोशिप मिळवून त्या मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास करू लागल्या. चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध सादर करून १९२८ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळवली.

विवाह आणि कुटुंब

इरावतीबाईंचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संततिनियमनाचे आद्य प्रचारक र. धों. कर्वे हे इरावतीबाईंचे दीर.

स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी कर्व्यांना सुनेने उच्च शिक्षणासाठी परदेशी जावे ही कल्पना मात्र पसंत नव्हती. स्वतः जर्मनीत शिकून आलेल्या दिनकररावांनी पत्नीच्या जर्मनीला जाण्याचा आग्रह धरला. खर्चासाठी काँग्रेसचे कार्यकर्ते आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. नोव्हेंबर १९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीस गेल्या.

कर्वे दांपत्याला तीन अपत्ये झाली : कादंबरीकार जाई निंबकर, शास्त्रज्ञ आनंद कर्वे आणि कथा-कादंबरीकार व कवयित्री गौरी देशपांडे.

पार्श्वभूमी : मानवमिती आणि वंशविचार

इरावतीबाईंनी ज्या काळात मानवशास्त्राच्या अभ्यासाला आरंभ केला, त्या काळात मोजमाप हे या शास्त्राचे प्रमुख साधन मानले जात होते. उंची, बसलेल्या स्थितीतील उंची, डोक्याची लांबी व रुंदी, चेहऱ्याची रुंदी, नाकाची उंची व रुंदी अशी मापे ठरावीक शारीरखुणांवरून घेतली जात. डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की शीर्षनिर्देशांक मिळतो. याच रीतीने नासिका निर्देशांकही काढतात. या आकड्यांवरून माणसांचे ‘वंश’ ठरवता येतात, असा समज युरोपात रूढ होता.

भारतात या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ली यांनी केला. ते १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाकाची रुंदी आणि जातीचे सामाजिक स्थान यांचा संबंध आहे, उच्च मानलेल्या जातींची नाके अरुंद आणि खालच्या मानलेल्या जातींची रुंद असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. घुर्ये यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याच प्रकारच्या मोजमापांची फेरतपासणी केली. उत्तर हिंदुस्थानचा काही भाग वगळता अन्यत्र शारीरिक मापे आणि जातींची उतरंड यांचा असा मेळ बसत नाही, असे त्यांनी दाखवले. मापे कशी घ्यावीत याबरोबरच त्यांवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न भारतीय अभ्यासकांपुढे तेव्हापासून उभा होता.

बर्लिनमधील संशोधन

बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्थेत प्रवेश घेतला. ही संस्था १९२७ मध्ये बर्लिनच्या डालेम भागात स्थापन झाली होती आणि ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते. नैर्ऋत्य आफ्रिकेतील तत्कालीन जर्मन वसाहतीत (आताचा नामिबिया) त्यांनी १९०८ मध्ये रेहोबोथ येथील मिश्र वंशाच्या समाजाची पाहणी केली होती आणि १९१३ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला होता. वंशमिश्रण हानिकारक असते, हे त्यांचे मत त्या ग्रंथातून प्रसिद्ध झाले होते. इरावतीबाईंच्या डॉक्टरेटचे मार्गदर्शक तेच होते.

प्रबंधाचा विषय मानवी कवटीतील स्वाभाविक असममिती हा होता. माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. फिशर यांच्या गृहीतकानुसार गोऱ्या युरोपीय लोकांची तर्कशक्ती इतरांपेक्षा अधिक असते आणि मेंदूच्या उजव्या पुढच्या भागाचा मोठा आकार हे तिचे शारीरिक कारण आहे. तसे असेल तर युरोपीय कवट्यांमध्ये उजव्या बाजूकडे झुकणारी असममिती दिसावी आणि इतर वंशांच्या कवट्यांमध्ये ती दिसू नये किंवा कमी दिसावी. हे मोजून पाहण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी संस्थेच्या संग्रहातील १४९ कवट्यांचे मापन केले. युरोपातील मृतांच्या कवट्यांसोबत त्या संग्रहात आफ्रिकेसारख्या वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. अशा संग्रहांतील कितीतरी अवशेष वसाहतींतील लोकांच्या संमतीशिवाय मिळवलेले होते, ही बाब पुढील काळात युरोपात वादाचा आणि अवशेष परत करण्याच्या मागणीचा विषय झाली.

मापनाचा निष्कर्ष गृहीतकाच्या विरुद्ध आला. असममिती सर्वच गटांतील कवट्यांमध्ये होती, परंतु तिचा वंशाशी संबंध आढळला नाही. इरावतीबाईंनी हा निष्कर्ष प्रबंधात तसाच मांडला. परक्या देशात, कर्ज काढून आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने पदवी ज्यांच्या हाती आहे त्या मार्गदर्शकाचे आणि संस्थेचे मूळ गृहीतक आकडेवारीच्या आधारे अमान्य करणे ही साधी गोष्ट नव्हती. प्रबंधाला वरची श्रेणी मिळाली नाही. तथापि १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट प्राप्त झाली आणि पुढील वर्षी प्रबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

या घटनेचे महत्त्व पुढील इतिहासामुळे वाढले. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांच्या वंशविषयक मतांचा आधार नाझी राजवटीच्या वंशकायद्यांना मिळाला आणि जर्मनीतील मिश्र वंशाच्या मुलांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणात या संस्थेतील तज्ज्ञांचा सहभाग होता. फिशर यांच्यानंतर १९४२ मध्ये ओटमार फॉन फेरशुअर संचालक झाले. त्यांच्या काळात आउशवित्झ छळछावणीतून योझेफ मेंगेले या डॉक्टरने संशोधनासाठी मानवी नमुने पाठवले. या संस्थेने मोजमापाचा उपयोग ज्या कारणासाठी केला, त्या कारणाला तिच्याच विद्यार्थिनीच्या मोजमापाने काही वर्षे आधी पुष्टी नाकारली होती.

भारतातील कारकीर्द

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाच्या (आताचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ) कुलसचिव म्हणून काम पाहिले. प्रशासकीय कामात त्यांचे मन रमले नाही. पुण्यातील डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. पुढील सर्व काळ त्या याच संस्थेत राहिल्या आणि समाजशास्त्र व मानवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या.

डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया हे त्यांचे सहकारी होते. गुजरातमधील लांघणज येथे सांकलियांनी १९४० च्या दशकात केलेल्या उत्खननात प्रागैतिहासिक मानवी सांगाडे मिळाले, तेव्हा त्या कामात इरावतीबाई सहभागी झाल्या. या मोहिमेचा व मानवी अवशेषांचा प्राथमिक अहवाल दोघांनी मिळून प्रसिद्ध केला. दिल्ली येथे १९४७ मध्ये भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत त्या मानवशास्त्र शाखेच्या अध्यक्ष होत्या. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत आणि अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातही त्यांनी काही काळ अध्यापन व लेखन केले.

महाराष्ट्रातील मानवमितीय संशोधन

बर्लिनमध्ये कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाईंनी भारतात जिवंत माणसांची मोजणी हाती घेतली. मापनदंड, कॅलिपर आणि नोंदवह्या घेऊन त्या गावोगाव फिरल्या. काही अभ्यासांत शारीरिक मापांबरोबर रक्तगटांच्या नोंदीही घेण्यात आल्या. असे काम दिसते तितके सोपे नसते. खूण ठरवण्यात किंचित फरक झाला तरी माप बदलते. दोन व्यक्तींनी एकाच माणसाचे घेतलेले माप जुळेलच असे नाही. शिवाय मापन करू देणाऱ्या माणसाचा विश्वास संपादन करावा लागतो. कर, जमीन किंवा लष्करभरती यांच्याशी या मोजणीचा संबंध नाही, हे गावकऱ्यांना पटवून द्यावे लागते.

मराठा समाजाच्या मानवमितीय मोजमापांवरील त्यांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या मानवमितीय मोजमापांवरील ग्रंथ डेक्कन कॉलेजच्या मालेत प्रसिद्ध केला. दांडेकर हे पुढे नीलकंठ रथ यांच्यासह केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासामुळे सर्वत्र परिचित झाले. मोजमापांची मांडणी आणि त्यांचा संख्याशास्त्रीय अर्थ या दोन बाजूंचा या ग्रंथात मेळ घातला गेला.

या संशोधनामागील मध्यवर्ती प्रश्न तुलनेच्या एककाचा होता. ‘ब्राह्मण’, ‘कुंभार’ किंवा ‘मराठा’ अशा व्यापक नावाखाली येणाऱ्या सर्वांची सरासरी काढून ती दुसऱ्या नावाच्या सरासरीशी ताडून पाहणे इरावतीबाईंना योग्य वाटत नव्हते. ज्या गटात प्रत्यक्ष विवाहसंबंध होतात तो अंतर्विवाही गट, म्हणजे जात, हेच अभ्यासाचे खरे एकक आहे, असे त्यांचे मत होते. महाराष्ट्रातील कुंभार हा व्यवसायाने एक दिसणारा समाज असला तरी त्यात परस्परांशी विवाह न करणारे अनेक गट आहेत. चाक फिरवण्याच्या रीतीपासून देवकापर्यंत त्यांच्या चालीरीती वेगळ्या आहेत. ब्राह्मणांतही चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ ऋग्वेदी, माध्यंदिन असे गट आहेत. अशा समूहांना त्यांनी जातिसमूह मानले.

यातून त्यांचा आपल्या गुरूंशी, घुर्ये यांच्याशी, मतभेद झाला. मूळच्या एका जातीचे कालांतराने तुकडे पडून पोटजाती निर्माण झाल्या, असे घुर्ये मानत. इरावतीबाईंच्या मते अनेक ठिकाणी उलट घडले होते. वेगवेगळ्या मूळस्थानांचे स्वतंत्र गट समान व्यवसाय किंवा समान दर्जामुळे एका नावाखाली एकत्र आले. एकाच जातिसमूहातील दोन गट शारीरिक मापांत परस्परांपासून बरेच दूर असू शकतात, हा त्यांच्या मोजमापांतून निघणारा निष्कर्ष या मताला पूरक होता. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जीवशास्त्रीय तुलना केली. हा निबंध १९६८ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आप्तसंबंध आणि समाजरचना

इरावतीबाईंचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे विभाग कल्पून प्रत्येक विभागातील नातेवाचक शब्द, विवाहाचे नियम आणि कुटुंबरचना यांची त्यांनी तुलना केली. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावी दिली जाते, तर दक्षिणेत मामा किंवा मामेभाऊ-आतेभाऊ यांच्याशी विवाह होऊ शकतो. त्यामुळे सासरी जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला येणारे जीवनही भिन्न असते, हे त्यांनी दाखवले. प्रत्यक्ष क्षेत्रकार्याबरोबर संस्कृत व पाली ग्रंथ, लोकगीते आणि म्हणी यांचाही त्यांनी आधार घेतला.

‘हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन’ (१९६१) या ग्रंथात त्यांनी जातिव्यवस्थेचे विवेचन केले. य. भा. दामले यांच्यासह त्यांनी ग्रामीण समाजातील गटसंबंधांची पाहणी केली. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. तिचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत पुरेसा आलेला नव्हता अशा काळातील ही पाहणी असल्याने तिचे महत्त्व मानले जाते.

मराठी लेखन

इरावतीबाईंनी शास्त्रीय लेखन मुख्यतः इंग्रजीत केले, तरी मराठीत त्यांनी विपुल आणि स्वतंत्र लेखन केले. ‘परिपूर्ती’ (१९४९), ‘भोवरा’ (१९६४) आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेला ‘गंगाजल’ (१९७२) हे त्यांचे ललित लेखसंग्रह मराठी लघुनिबंधाच्या वाटचालीत महत्त्वाचे मानले जातात. क्षेत्रकार्यातील प्रवास, घरातील माणसे, पंढरीची वारी असे विषय त्यांत येतात. ‘मराठी लोकांची संस्कृती’ (१९५१) आणि ‘आमची संस्कृती’ यांतून त्यांनी सामान्य वाचकासाठी समाजशास्त्रीय विवेचन केले.

‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात महाभारतातील भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण अशा व्यक्तिरेखांचे त्यांनी चिकित्सक वाचन केले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा त्यांनी आधार घेतला आणि या व्यक्तींकडे दैवतांऐवजी विशिष्ट समाजव्यवस्थेत वागणारी माणसे म्हणून पाहिले. या ग्रंथाला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध आहे.

व्यक्तिमत्त्व

रूढ चौकटींची पर्वा न करणारी स्त्री म्हणून इरावतीबाई पुण्यात परिचित होत्या. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री असल्याचे सांगितले जाते. त्या कुंकू व मंगळसूत्र वापरत नसत आणि पतीला नावाने हाक मारत. दुसरीकडे वारीत वारकऱ्यांबरोबर पायी चालण्यात आणि विठ्ठलाविषयी आत्मीयतेने लिहिण्यात त्यांना विसंगती वाटत नव्हती.

टीका आणि मूल्यमापन

इरावतीबाईंच्या कार्यावर पुढील अभ्यासकांनी टीकाही केली आहे. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त अमान्य केल्यानंतरही त्यांनी त्याच परंपरेतील साधने व पद्धती पुढे दीर्घकाळ वापरल्या, हा त्यांतील प्रमुख आक्षेप आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर वंशवर्गीकरणाची कल्पनाच मागे पडली आणि जनुकशास्त्राला महत्त्व आले, तरी भारतात जातींची शारीरिक मोजणी चालू राहिली. जातीला जीवशास्त्रीय एकक मानल्याने सामाजिक विषमतेच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो, असेही म्हटले गेले. उंचीसारखी मापे आहार, आजार आणि बालपणातील परिस्थिती यांवरही अवलंबून असतात. त्यामुळे दोन गटांतील फरक केवळ आनुवंशिक मानता येत नाही. भारतीय समाजाच्या त्यांच्या चित्रात हिंदू समाजाला मध्यवर्ती स्थान आणि मुस्लिम समाजाला गौण स्थान मिळाल्याची टीकाही झाली आहे.

या आक्षेपांसह त्यांच्या कार्यातील एक बाब टिकून राहिली. आकडे गृहीतकाला अनुकूल नसतील तर गृहीतक सोडावे आणि तुलना करण्यापूर्वी आपण नेमक्या कोणत्या गटाची तुलना करतो आहोत हे निश्चित करावे, हा दंडक त्यांनी पाळला.

मानवमितीचा पुढील प्रवास

इरावतीबाईंच्या काळातील मानवमिती मुख्यतः शरीराची बाह्य मापे घेत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शास्त्राचा भर वंशाकडून आरोग्य, पोषण आणि क्रीडा यांकडे वळला. शरीरात चरबी, स्नायू, हाडे व पाणी यांचे प्रमाण किती, म्हणजेच शरीरघटन कसे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपरने मोजणे, पाण्याखाली वजन करून शरीराची घनता काढणे, सौम्य विद्युतप्रवाहाला शरीराचा होणारा विरोध मोजणे आणि दुहेरी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी केली जाणारी डेक्सा तपासणी या त्याच्या प्रमुख पद्धती होत.

यांपैकी बहुतेक पद्धती चरबी प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर एखाद्या सूत्राने तिचा अंदाज बांधतात. विल्यम सिरी यांच्या १९६१ च्या समीकरणात चरबीची घनता ०.९ आणि उर्वरित शरीराची १.१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर अशी सर्वांसाठी समान धरली आहे. डर्निन आणि वोमर्सली यांनी १९७४ मध्ये दिलेली त्वचाघडीची सूत्रे स्कॉटलंडमधील ४८१ स्त्री-पुरुषांच्या मोजणीवर आधारलेली आहेत. दुसऱ्या प्रदेशातील, वेगळ्या बांध्याच्या किंवा रोज सराव करणाऱ्या व्यक्तींना ती जशीच्या तशी लावली तर उत्तर चुकू शकते. पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा मुद्दा ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली स्वतःच्या उदाहरणाने मांडला. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले.

स्त्री फुटबॉलपटूंच्या शरीरघटनाच्या मापनात हा प्रश्न ठळकपणे समोर येतो. फुटबॉलमध्ये दीर्घकाळ धावण्याची क्षमता, अल्प अंतराचे वेगवान धावणे आणि उडी यांची एकत्रित गरज असते. त्यामुळे संघाचे प्रशिक्षक स्नायू व चरबी यांच्या प्रमाणावर लक्ष ठेवतात. परंतु शरीरातील पाण्याचे प्रमाण सरावानंतर आणि मासिक पाळीच्या काळात बदलत असल्याने विद्युतविरोधावर आधारलेले माप एकाच खेळाडूत दिवसागणिक वेगळे येऊ शकते. गोलरक्षक आणि मध्यरक्षक यांच्यासाठी एकच आकडा आदर्श मानणेही योग्य ठरत नाही. चरबी कमी करण्याच्या दडपणाखाली आहार तुटपुंजा झाला तर पाळी अनियमित होणे, हाडे ठिसूळ होणे आणि दुखापती वाढणे असे परिणाम होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीची सापेक्ष ऊर्जाकमतरता या नावाने नोंद घेतली. म्हणून एकाच व्यक्तीने, एकाच पद्धतीने, ठरावीक वेळी घेतलेली मापे खेळाडूच्या स्वतःच्या आधीच्या मापांशी ताडून पाहावीत आणि ती निवडीचा निकष म्हणून वापरू नयेत, असा विचार क्रीडावैद्यकात दृढ होत गेला आहे. स्त्रियांच्या आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेचे सामने २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाले. इरावतीबाईंनी ज्या प्रदेशात मानवमितीचा पाया घातला, तेथेच हा विषय आता खेळाडूंच्या आरोग्याशी जोडला गेला आहे. त्यांनी स्वतः खेळाडूंचे मापन केले नव्हते. मात्र कोणत्या गटावरून काढलेले सूत्र कोणाला लावायचे, हा त्यांनी विचारलेला प्रश्न येथेही तसाच लागू होतो.

वारसा

इरावती कर्वे यांचे ११ ऑगस्ट १९७० रोजी निधन झाले. महाराष्ट्रात मानवशास्त्राचे अध्यापन रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि संशोधक थिआगो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले ‘इरू’ हे त्यांचे इंग्रजी चरित्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे बर्लिनमधील संशोधनाकडे अभ्यासकांचे आणि सामान्य वाचकांचे लक्ष नव्याने वेधले गेले.

निवडक ग्रंथसंपदा

मराठी
- परिपूर्ती (१९४९)
- मराठी लोकांची संस्कृती (१९५१)
- आमची संस्कृती
- भोवरा (१९६४)
- युगान्त (१९६७)
- गंगाजल (१९७२)

इंग्रजी
- अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ द मराठाज (१९४८)
- अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र (वि. म. दांडेकर यांच्यासह, १९५१)
- किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३)
- हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन (१९६१)
- महाराष्ट्र : लँड अँड इट्स पीपल (१९६८)